घाटांत दम सोडणारी गाडी

संगमनेर मागें टाकून पुण्याच्या रस्त्याला लागलें कीं थोड्याच वेळांत चंदनापुरीचा घाट येतो. कसारा किंवा माळशेज यांच्या पंक्तीला बसण्यासारखा तो नाहीं. रस्ता आतां रुंद झाला आहे, वळणें सैल झालीं आहेत, आणि नव्या मोटारींत डुलकी घेणाऱ्या उतारूला चढ केव्हां संपला हें कळतही नाहीं. परंतु पंधरा-सोळा पावसाळे पाहिलेली एखादी पिकअप गाडी साठ-सत्तर क्रेट टोमॅटो पाठीवर घेऊन पहाटेच्या अंधारांत त्या चढाला लागते, तेव्हां तिच्या चालकाच्या लेखीं त्या घाटाची लांबी दुप्पट होते. इंजिनाचा सूर किंचित् बदलला तरी त्याचा हात गिअरच्या दांड्यावर घट्ट होतो.

हा मुलूख नगर जिल्ह्याचा. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. पण रस्त्यावरच्या चालकांच्या तोंडीं 'नगर' हा शब्द असा बसला आहे कीं तो इतक्यांत उठेल असें दिसत नाहीं. संगमनेर आणि अकोले या तालुक्यांतला पुष्कळसा टोमॅटो घाट चढून, घारगांव-बोट्यावरून आळेफाट्याकडे उतरतो आणि जुन्नर तालुक्यांतल्या नारायणगांवच्या बाजारांत जातो. वाट साठ-पासष्ट किलोमीटरांची. नीट चाललेल्या गाडीला दीड-दोन तासांची. पण लाल झालेला टोमॅटो आणि बाजारचा लिलाव, दोघेही कोणासाठीं खोळंबून राहत नाहींत. सकाळच्या भावाला पोंचलेला माल आणि दुपारीं पोंचलेला माल यांत एका घरच्या महिन्याच्या खर्चाएवढें अंतर पडूं शकतें. म्हणून या भागांत पिकअप म्हणजे चैनीची वस्तु नव्हे. तिनें बैलगाडीची जागा घेतली आहे, आणि बैलासारखीच ती घरांतल्या माणसांत मोजली जाते. ती आजारी पडली कीं सारें घर बेचैन होतें.

अशाच एका गाडीचें उदाहरण घ्यावें. मालक पांच-सहा एकरांचा बागाईतदार. गाडी चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाची, जुन्या धाटणीच्या यांत्रिक पंपाची. चालवणारा मालकाचा पुतण्या. टोमॅटोचा हंगाम ऐन भरांत आला आणि गाडीनें घाटांत दम सोडायला सुरुवात केली. सपाटीवर ती सुरळीत धांवे. चढाला लागून पांच-सात मिनिटें झालीं कीं ओढ कमी होई. खालचा गिअर टाकला तरी उपयोग नसे. आणि शेवटीं एखाद्या म्हाताऱ्यानें पायरीवर बसकण मारावी तशी ती कडेला थांबे. दहा मिनिटांनीं किल्ली फिरवली तर पहिल्याच हांकेला सुरू होई आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा ऐटींत चढूं लागे. पुन्हां मैल-दीड मैल गेलें कीं तोच प्रकार.

आजारी माणूस आणि बिघडलेली गाडी यांच्याभोंवतीं वैद्यांची वाण कधींच पडत नाहीं. शेजाऱ्यानें सांगितलें, नोझल गेले. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या म्हणाला, डिझेलांत पाणी आहे. दुधाच्या गाडीचा चालक म्हणाला, क्लच घसरतो आहे. डिझेलचा फिल्टर एकदां बदलला, आठ दिवसांनीं पुन्हां बदलला. फरक पडला नाहीं. शेवटीं एका गॅरेजांत निकाल मिळाला: इंजिन म्हातारें झालें, कॉम्प्रेशन उरलें नाहीं, इंजिन उतरवून बोअरचें काम करावें लागेल. खर्च साठ-सत्तर हजारांच्या घरांत आणि गाडी पंधरा दिवस अंगणाबाहेर. पतसंस्थेंतून कर्ज काढण्याची बोलणीं घरांत सुरू झालीं. त्यांतून हंगामाचे पंधरा दिवस भाड्याच्या गाडीनें माल न्यायचा म्हटल्यास नफ्याचा मोठा हिस्सा भाड्यांतच जाणार.

हा निकाल देणारा मनुष्य लबाड होता असें मुळींच नाहीं. त्यानें तेलाची पट्टी ओढून पाहिली होती. तेल थोडें कमी होतें. सुरू इंजिनावरचें तेलाचें झांकण काढून पाहिलें होतें. आंतून थोडा धूर येत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जुन्या गाडीच्या बाबतींत फसगत होते ती नेमकी येथें. नव्या गाडींत एक दोष सांपडला म्हणजे बहुधा तोच अपराधी असतो. जुन्या गाडींत मात्र रिंगा थोड्या झिजलेल्या असतात, नोझल थोडे गळके असतात, रबरी नळ्या थोड्या तडकलेल्या असतात, क्लचही थोडा गुळगुळीत झालेला असतो. तेथें झीज शोधणाऱ्याला झीज हटकून सांपडते. तेव्हां गाडींत दोष आहे कीं नाहीं, हा प्रश्न फारसा कामाचा नाहीं. सांपडलेला दोष समोरच्या तक्रारीचा उलगडा करतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वीं मालकानें गाडी संगमनेरांतल्या एका वृद्ध मिस्त्र्याला दाखविली. म्हाताऱ्यानें गाडीचें बॉनेट उघडलें नाहीं. तो पुतण्याला समोर बसवून विचारपूस करूं लागला.

"काका, गाडी संपली. घाटांत पार दमती."

"दमती तेव्हां धूर किती असतो?"

"धूर नसतो."

"तूं पुढं बसलेला. तुला मागचा धूर काय दिसणार?"

"मागं चुलतभाऊ मोटारसायकलवर होता. त्याच्या दिव्याच्या उजेडांत दिसला असता. नव्हताच म्हणाला."

"काळा, पांढरा, कसलाच नाहीं?"

"कसलाच नाहीं."

मग त्यानें आणखी विचारलें. उष्णतेचा कांटा वर जातो का? नाहीं. थांबल्यावर सुरू करतांना स्टार्टर फार वेळ मारावा लागतो का? नाहीं, लगेच सुरू होते. टाकी भरलेली असली म्हणजे कमी आणि अर्धी असली म्हणजे जास्त, असा कांहीं फरक? पुतण्यानें तें पाहिलें नव्हतें. "पाहायचं असतं," एवढेंच म्हणून मिस्त्र्यानें चहा मागविला.

या प्रश्नांतलें मर्म समजण्यासाठीं डिझेल इंजिनाची रीत थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. तेव्हांपासून त्याचें मूळ तत्त्व बदललेलें नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी लागते, येथें ठिणगी नाहीं. पिस्टन हवेला दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-विसाव्या हिश्शाएवढ्या जागेंत कोंबतो. त्या दाबानें हवा पांचशें अंशांच्या वर तापते, आणि नोझलमधून आलेला डिझेलचा बारीक फवारा आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिनाच्या निर्वाहाला तीन गोष्टी हव्यात: पुरेशी हवा, पुरता दाब, आणि योग्य वेळीं योग्य मापाचें इंधन. तिन्हींपैकीं काय उणें पडलें हें इंजिन स्वतः सांगत असतें, आणि त्याची बोली म्हणजे धूर.

काळा धूर म्हणजे इंधन आहे पण जळायला हवा अपुरी आहे, किंवा फवारा बारीक न होतां थेंब पडत आहेत. हवेचा फिल्टर धुळीनें बुजला कीं असें होतें. आणि नगर जिल्ह्याच्या उन्हाळ्यांत कच्च्या रस्त्यावरून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर बुजण्यास फार दिवस लागत नाहींत. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे. रिंगा, बोअर किंवा व्हॉल्व्हचीं सीलें यांची ती तक्रार. पांढऱ्या धुराचे मात्र दोन प्रकार आहेत आणि नाकाची मदत घेतल्याशिवाय ते वेगळे करतां येत नाहींत. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलें इंधन; थंडीच्या सकाळीं थोडा वेळ तो आला तर चिंता नाहीं, गाडी तापल्यावरही राहिला तर कॉम्प्रेशनची शंका घ्यावी. दुसरा पांढरा धूर म्हणजे निव्वळ वाफ. त्याला शीतकाचा गोडसर वास असतो, रेडिएटरांतलें पाणी दिवसेंदिवस उतरतें, कधीं तेलाच्या झांकणाखालीं ताकासारखा फेस दिसतो. ही हेड गॅस्केटची गोष्ट, आणि ती आढळल्यावर गाडी पुढें रेटणें म्हणजे शंभराचें काम हजारावर नेणें.

आणि धूर मुळींच नसेल तर? गाडी ओझ्याखालीं दम सोडते, पण मागें हवा स्वच्छ आहे. याचा अर्थ भट्टींत लाकूडच पडत नाहीं. हवा आहे, दाबही आहे. इंधन मापानें येत नाहीं. दिसणाऱ्या धुरावर सगळेच बोलतात. न दिसलेल्या धुराची साक्ष घ्यायला त्या म्हाताऱ्यासारखा मनुष्य लागतो.

दुसरी खूण याहूनही सरळ होती. झिजलेली रिंग दहा मिनिटांच्या विश्रांतीनें भरून येत नाहीं. कॉम्प्रेशन गेलेलें इंजिन थांबून पुन्हां सुरू केलें म्हणून तरुण होत नाहीं. उलट तें सकाळच्या गारठ्यांत सुरू होतांनाच कुरकुर करतें. येथें तर गाडी विश्रांतीनंतर पूर्ण बळानें चढत होती. जी तक्रार विश्रांतीनें नाहींशी होते तिचें कारणही विश्रांतीनें दूर होणारें असलें पाहिजे. तापल्यावर ढिला पडणारा डिझेल पंप हें असें एक कारण; परंतु तसा पंप तापलेल्या अवस्थेंत गाडी लवकर सुरू होऊं देत नाहीं. ही गाडी तापलेली असतांनाच एका हांकेला उठत होती. तेव्हां संशय पंपाच्याही मागें, टाकीकडे गेला.

मिस्त्र्यानें मालकाला विचारलें, "विहिरीवरची मोटर पाणी ओढीनाशी झाली तर पहिलं काय करता? मोटर रिवाइंडिंगला नेता?"

मालक हंसला. विहिरीवरची मोटर चालू असून पाणी येत नसेल तर कोणीही शहाणा शेतकरी आधीं फुटव्हॉल्व्ह वर ओढून पाहतो. पाण्यांतल्या नळीच्या तोंडाशीं शेवाळ, पाला, एखादी फाटकी पिशवी अडकलेली असते. मोटर बंद केली कीं ओढ थांबते, पिशवी सुटून खालीं बसते. सुरू केली कीं थोडा वेळ धो धो पाणी येतें, आणि पुन्हां ती पिशवी येऊन जाळीला चिकटते. मालकाला हें आयुष्यभर ठाऊक होतें. गाडीच्या पोटांतही तशीच एक विहीर आहे, हें मात्र त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें.

सपाटीवर तक्रार कां नसे हेंही याच तुलनेनें उलगडतें. सपाट रस्त्यावर इंजिनाची भूक थोडी. अर्धवट बुजलेल्या नळीतूनही ती भागते. घाटांत, भरल्या ओझ्यानें, ॲक्सिलरेटर तळाला टेकला कीं भूक कितीतरी पटींनीं वाढते, ओढ वाढते, आणि ओढीबरोबर अडथळाही तोंडाशीं गच्च बसतो. फिल्टर दोनदां बदलून कांहीं झालें नाहीं याचेंही आश्चर्य उरत नाहीं. इंधनाच्या वाटेवर टाकी पहिली, मग ओढपंप, मग फिल्टर, मग मोठा पंप, आणि शेवटीं नोझल. पहिल्याच दाराशीं गर्दी झाली असतां तिसऱ्या दाराची चौकट बदलून काय होणार?

तथापि तर्क कितीही गोड वाटला तरी तो तर्कच. मिस्त्र्यानें तो तपासून पाहिला, आणि या साऱ्या हकीकतींत कौतुक करण्यासारखें जें आहे तें हेंच. आधीं त्यानें टाकीचें झांकण किंचित् सैल ठेवून गाडी घाटांत पाठविली. टाकींतलें डिझेल उपसलें जातें तशी वरून हवा आंत यावी लागते. झांकणाचें बारीक छिद्र बुजलें असेल तर टाकींत निर्वात होऊन इंधन अडतें, आणि झांकण उघडतांच फुस्स असा आवाज होतो. आवाज झाला नाहीं, तक्रारही गेली नाहीं. एक संशयित सुटला.

मग त्यानें पांच लिटरांचा एक स्वच्छ कॅन घेतला, त्यांत गाळलेलें डिझेल भरलें आणि तो हौद्यांत दोरानें घट्ट बांधला. टाकीची नळी सोडून ओढपंपाला या कॅनची पारदर्शक नळी जोडली. नोझलवरून परत येणाऱ्या जादा डिझेलची नळीही कॅनमध्येंच सोडली, नाहीं तर कॅन अर्ध्या वाटेंत रिकामा झाला असता. हातपंप मारून वाटेंतली हवा काढली. हौद्यांत क्रेटऐवजीं वाळूचीं पोतीं रचलीं, कारण रिकाम्या गाडीची परीक्षा घेऊन या रोगाचा पत्ता लागला नसता. आणि गाडी घाटाला लावली. ती एका दमांत चढली. खालीं येऊन पुन्हां चढली. तिसऱ्यांदा चढली.

येथें बहुतेकांनीं हात झटकून टाकी उतरविली असती. मिस्त्र्यानें टाकीची नळी पुन्हां जोडली आणि गाडी चौथ्यांदा घाटांत धाडली. निम्म्या चढावर ती बसली. आतां मात्र शंकेला जागा राहिली नाहीं.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदललेली गोष्ट पूर्ववत् करून रोग परत येतो का पाहावें, ही रीत कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेला शोभणारी आहे. नगर शहराजवळ वाहनांच्या परीक्षेची अशी एक मोठी संस्था आहेही. लष्करी वाहनांचें संशोधन करणारी ही संस्था, व्ही. आर. डी. ई., १९४७ सालीं रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरला आली. तिच्या चांचणीमार्गांवर गाड्या मुद्दाम चढावर, खड्ड्यांत आणि पाण्यांत घातल्या जातात. मोटारीच्या बाबतींत या जिल्ह्याचें दैव मोठें विचित्र. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं धांवली ती पुणें आणि नगर या दोन गांवांच्या दरम्यान. आणि १९९४ सालीं उघडलेल्या नगरच्या रणगाडा-संग्रहालयांत देशोदेशींचे लोखंडी हत्ती शांतपणें उभे आहेत. संगमनेरच्या मिस्त्र्यानें तें संग्रहालय पाहिलें होतें कीं नाहीं कोण जाणे. त्याची प्रयोगशाळा म्हणजे एक कॅन, दोन हात नळी आणि चंदनापुरीचा घाट.

टाकी उतरविली. तळाशीं काळपट, लिबलिबीत गाळ होता, आणि त्यांत प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा, हाताच्या तळव्याएवढा. उन्हाळ्यांत ट्रॅक्टरसाठीं म्हणून डिझेलचा पिंप घरीं भरून ठेवला होता, त्याच्या तोंडावरचें तें वेष्टण. घाईंत पिंपांतून गाडींत डिझेल ओततांना तें कोणा मुलाच्या हातून आंत गेलें असावें. गाळाचें मूळही त्याच पिंपांत. अर्धवट रिकाम्या पिंपांत रात्रीच्या गारव्यानें दंव धरतें, तें पाणी तळाशीं बसतें, आणि पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतूंची वाढ होऊन असा चिखल तयार होतो. पावसाळ्यांत हें अधिक. टाकी धुऊन, वाळवून पुन्हां चढविली. ओढनळीच्या टोकाची जाळी साफ केली. फिल्टर तिसऱ्यांदा बदलला, या खेपेस मात्र सकारण. साऱ्या कामाला एक दिवस लागला आणि खर्च इतका किरकोळ आला कीं तो ऐकून मालकाला आनंदापेक्षां संकोचच जास्त वाटला.

म्हणून प्रत्येक जुनें इंजिन निर्दोष असतें आणि गॅरेजवाले उगाच बोअरचा खर्च सांगतात, असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. इंजिनें खरोखरच झिजतात, आणि झिजल्याच्या खुणाही स्पष्ट असतात. तेल दर आठवड्याला वाढत्या प्रमाणांत भरावें लागतें आणि बाहेर गळती तर कोठेंच दिसत नाहीं. निळा धूर चढ-उतार न पाहतां येतो. सुरू इंजिनावर तेलाचें झांकण उलटें ठेवलें तर तें खालच्या वाफेनें थयथय नाचतें. गॅरेजांत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पण थोडा धूर आणि नाचतें झांकण यांत पुष्कळ अंतर आहे, आणि थोडा धूर तर प्रत्येक जुनी गाडी देते. शंका असेल तेव्हां कॉम्प्रेशन मोजण्याचें घड्याळ लावावें. निरोगी डिझेल इंजिनाच्या सिलिंडरांत तें साधारणपणें चौरस इंचाला चारशें पौंडांच्या आसपास दाब दाखवितें. पण त्या आंकड्यापेक्षांही चार सिलिंडरांचे आंकडे एकमेकांशीं किती जुळतात याला महत्त्व अधिक. तीन सारखे आणि एक फार खालीं, म्हणजे त्या एकाच घरांत कांहीं तरी मोडलें आहे. चारही सारखेच खालीं, म्हणजे म्हातारपण. हें मोजमाप तासा-दोन तासांचें असतें, आणि तें केल्यावांचून इंजिन उतरवावयास सांगणें म्हणजे नाडी न पाहतां शस्त्रक्रिया ठरविणें होय.

जुने मिस्त्री एक आणखी युक्ति करतात. इंजिन मंद गतीनें चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा आटा क्षणभर सैल करतात आणि कान देतात. सूर पडला तर तो सिलिंडर कामाचा. सूर तसाच राहिला तर तो आधींच निजलेला. ही युक्ति जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांपुरतीच ठेवावी. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत नळींतला दाब हजार वातावरणांच्या वर जातो. तेथें आटा सैल केला तर डिझेलचा बारीक झोत कातडी भेदून शरीरांत शिरतो. दिसतें सुई टोंचल्याएवढें; परिणाम हात गमावण्यापर्यंत जातो. तसेंच तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें, आणि बंद गोठ्यांत किंवा शेडमध्यें इंजिन चालू ठेवून त्याचा आवाज ऐकत बसणें. पहिल्यानें तोंड भाजतें. दुसऱ्यानें, विषारी वायूला वास नसल्यामुळें, कळण्यापूर्वींच शुद्ध जाते.

शहरांतल्या मोटार-मालकानें हातांत पाना घ्यावा असें नाहीं. त्यानें साक्षीदार व्हावें, आणि चांगला व्हावें. "गाडी नीट चालत नाहीं" हें कोणाच्याही उपयोगाचें नाहीं. थंड असतां कीं तापल्यावर, चढावर कीं सपाटीला, रिकामी कीं भरलेली, धूर कोणत्या रंगाचा, थांबल्यावर किती मिनिटांनीं बरी होते, आणि तक्रार सुरू होण्यापूर्वींच्या आठवड्यांत काय दुरुस्त केलें किंवा कोठें डिझेल भरलें, एवढें सांगणारा मालक मिळाला तर मिस्त्र्याचें अर्धें काम बसल्या जागीं होतें. शेवटचा प्रश्न तर कोणी विचारतच नाहीं. वास्तविक पुष्कळ रोगांची सुरुवात मागच्या दुरुस्तींत असते.

टाकी साफ झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे पिकअप अडुसष्ट क्रेट घेऊन निघाली. चुलतभाऊ मोटारसायकलवरून पुन्हां मागें होता. या खेपेस कोणीं सांगितलें नव्हतें, तो आपणहून आला होता. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबली नाहीं, म्हणून त्यालाही थांबतां आलें नाहीं. नारायणगांवीं ती उजाडतांना पोंचली.

मालकाच्या मनांतली बोअरची धास्ती मात्र गेली नव्हती, म्हणून त्याच्या आग्रहावरून मिस्त्र्यानें नंतर एका भाकड दिवशीं कॉम्प्रेशनही मोजलें. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. चौथा थोडा खालीं. म्हाताऱ्यानें तो आंकडा खडूनें बॉनेटच्या आंतल्या बाजूला लिहून ठेवला, तेलाची पट्टी रोज सकाळीं पाहून वहींत नोंद करायला सांगितलें, आणि डिझेलच्या पिंपाला खालच्या बाजूनें पाणी सोडण्याची तोटी बसवून घ्यायला लावलें. वही आतां गाडीच्या काचेमागें असते. चौथ्या सिलिंडरचें काय करायचें याचा विचार दिवाळीनंतर, टोमॅटो संपल्यावर व्हायचा आहे.